तावदानांचे तुकडे आणि अकरा मिलिमीटरची बोच

मागच्या अंकात मी सहज एक वाक्य लिहून गेले होते : काचेवर शोभेच्या पट्ट्या लावायच्या असतील तर आधी दोन दिवस कळ काढा आणि मला विचारा. दोन दिवसांची कळ कुणी काढली कोण जाणे, विचारलं मात्र सगळ्यांनी. त्यातली आठ पत्रं निवडली आहेत.

सुरुवातीलाच एक खुलासा. ग्रिल म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे लोखंडी गज येतात. इथे विषय त्या ग्रिलचा नाही. एका मोठ्या काचेवर आडव्या-उभ्या पट्ट्या बसवून तिची सहा, आठ, बारा छोटी तावदानं झाल्याचा भास करणारी जी हलकी जाळी असते, ती इथे म्हणायची आहे. बावीस वर्षं सुतारकामात घालवल्यावर या जाळीने मला जितकं हसवलंय आणि रडवलंय, तितकं कुठल्या दरवाजानेही नाही.

प्रश्न : ताई, आमच्या बैठकीच्या खोलीत एकसंध काचेची मोठी खिडकी आहे. ती मला फार ओकीबोकी वाटते. जुन्या घरांतल्यासारखी छोट्या तावदानांची करायची आहे, पण दुकानदार चार प्रकार दाखवतो आणि चारही उत्तमच म्हणतो. काय घेऊ?

पहिली गोष्ट, जुन्या लोकांनी छोटी तावदानं हौसेने केली नव्हती. मोठी सपाट काच करणं त्यांना जमत नव्हतं किंवा परवडत नव्हतं. काच नळीने फुंकायची, मग लोखंडी दांडीच्या टोकाला गरगर फिरवून तिची पातळ चकती करायची आणि त्या चकतीतून निघतील तेवढे चौकोन कापायचे. चकतीच्या मधोमध, जिथे दांडी चिकटलेली असे, तिथे एक जाड गोल गाठ राही. हे तुकडे शिशाच्या खाचेदार पट्ट्यांत किंवा लाकडी दांड्यांत अडकवून खिडकी पुरी करत. इंग्लंडात तर काचेवर वजनानुसार कर होता आणि तो उठायला १८४५ साल उजाडलं. पुढे वितळलेल्या कथिलावर काच तरंगवून ती सपाट करण्याची ॲलस्टेअर पिल्किंग्टन यांची पद्धत १९५९ मध्ये जाहीर झाली आणि मोठी, नितळ काच सगळ्यांच्या आवाक्यात आली. म्हणजे आज आपण अखंड काच विकत आणतो आणि तिच्यावर जुन्या अडचणीचं चित्र काढतो. मला यात काही वावगं वाटत नाही. फक्त आपण चित्र काढतोय हे ध्यानात असलं की दुकानदारासमोर गोंधळ होत नाही.

आता ते चार प्रकार. एक, खरीखुरी विभागलेली खिडकी : प्रत्येक तावदान वेगळं, मध्ये खऱ्या दांड्या. दिसते देखणी, पण वजन जास्त, सांधे जास्त आणि जितके सांधे तितक्या पाणी झिरपायच्या जागा. काच दुहेरी (म्हणजे मध्ये पोकळी ठेवून कडेने सीलबंद केलेल्या दोन काचा) असेल तर प्रत्येक छोट्या तावदानाची कड स्वतंत्रपणे सील करावी लागते आणि उष्णतेची ये-जा कडेतूनच जास्त होते. जुनी वास्तू जशीच्या तशी जपायची नसेल तर या वाटेला जाऊ नका.

दोन, दुहेरी काचेच्या पोटात बसवलेली जाळी. बाहेरून काच गुळगुळीत, एका हाताने पुसता येते. पण पट्टी काचेच्या आत असल्यामुळे तिची सावली पडत नाही, कड दिसत नाही, आणि सगळं जरा कागदावर छापल्यासारखं वाटतं. शिवाय काच बनवून घेतानाच नक्षी ठरवावी लागते. नंतर मन बदललं तर अख्खी काच बदला.

तीन, काचेच्या आतून आणि बाहेरून समोरासमोर चिकटवलेल्या पट्ट्या. दुहेरी काचेत मधल्या पोकळीतही त्याच रेषेत एक पट्टी घालतात, म्हणजे तिरकं पाहिलं तरी दांडी काचेतून आरपार गेल्यासारखी दिसते. खऱ्याच्या सगळ्यात जवळ जाणारा प्रकार हा. पुसताना मात्र प्रत्येक कोपऱ्यात बोट घालावं लागतं.

चार, आतल्या बाजूने खटकन बसणारी आणि तशीच निघणारी चौकट. काच पुसायची तर जाळी काढा, भिंतीला टेकवा, पुसा, परत बसवा. हिची उणीव एकच : दिवसा बाहेरून पाहिलं की काचेत आकाश दिसतं आणि मागची जाळी त्यात हरवते.

तुमची खिडकी आधीच बसलेली आहे, म्हणून तुम्ही चौथा प्रकार घ्या. नवी खिडकी करणाऱ्याला मी तिसरा सांगेन, आणि पुसायचा कंटाळा असणाऱ्याला, काहीशा नाइलाजाने, दुसरा.

प्रश्न : आमची खिडकी साधारण चार फूट रुंद, चार फूट उंच आहे. मला बारा चौकोन हवेत. सासूबाई म्हणतात, तुरुंग वाटेल आणि खोलीत अंधार होईल. तुम्हीच त्यांना समजवा.

अंधाराचं मी समजावते, तुरुंगाचं मात्र त्यांचंच बरोबर असू शकतं.

१२०० मिलिमीटर चौरस काच धरू. बारा चौकोन म्हणजे तीन उभ्या आणि दोन आडव्या पट्ट्या. (उलट करू नका. दोन उभ्या आणि तीन आडव्या घेतल्या तर प्रत्येक चौकोन आडवा पसरतो आणि खिडकी बसकी दिसते. तावदान रुंदीपेक्षा उंच असलेलंच डोळ्याला बरं वाटतं.) पट्टी २२ मिलिमीटर रुंद असेल तर या पाच पट्ट्या मिळून काचेचा सुमारे ९ टक्के भाग झाकतात. १६ मिलिमीटरची घेतली तर साडेसहा टक्के. एवढ्याने अंधार होत नाही. जाड पडद्याची एक बाजू अर्धवट ओढली तरी याहून जास्त उजेड अडतो.

खटकते ती आडवी पट्टी. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण ११५ ते १२० सेंटिमीटरवर असतात. तुमची काच जमिनीपासून ८० सेंटिमीटरवर सुरू होत असेल, तर दोन आडव्या पट्ट्यांमधली खालची बरोबर १२० सेंटिमीटरवर येते. म्हणजे सासूबाई खुर्चीत बसून बाहेर पाहायला लागल्या की ती पट्टी त्यांच्या नजरेवरच आडवी. त्यांना तुरुंग वाटला तर नवल काय?

मी असते तर एक आडवी पट्टी काढून टाकली असती. तीन उभ्या, एक आडवी, आठ उंच तावदानं. आडवी मधोमध म्हणजे १४० सेंटिमीटरवर येते, बसलेल्याच्या नजरेच्या वर आणि उभ्या असलेल्या बहुतेकांच्या नजरेच्या खाली. झाकलेला भाग ७ टक्क्यांवर येतो, तो फायदा वेगळाच.

आणखी एक नक्षी सुचवते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत फ्रँक लॉइड राइट आणि त्यांच्या बरोबरीच्या वास्तुविशारदांनी जी घरं बांधली, त्यांच्या शैलीला ‘प्रेअरी’ म्हणतात. त्या नावाने मिळणाऱ्या जाळीत पट्ट्या फक्त कडेकडेने जातात, चार कोपऱ्यांत चार छोटे चौकोन तयार होतात आणि मधली काच पूर्ण मोकळी राहते. जिथे बाहेर पाहण्यासारखं काही आहे, तिथे मला ही सगळ्यात समंजस नक्षी वाटते.

पण काहीही मागवण्याआधी रंगकामाचा कागदी मास्किंग टेप आणा. २४ मिलिमीटर रुंदीचा सहज मिळतो, म्हणजे जवळपास पट्टीएवढाच. ठरवलेली नक्षी काचेवर चिकटवा आणि दोन-तीन दिवस तिच्यासोबत राहा. सकाळी, दुपारी, दिवे लावल्यावर बघा. सासूबाईंना त्यांच्या नेहमीच्या जागी बसवून विचारा. तीन दिवसांनी टेप काढा मात्र, उन्हात जास्त भाजला तर त्याचा गोंद काचेवर राहतो आणि मग तो खरवडताना मला शिव्या द्याल.

प्रश्न : मी स्वतः लाकडात काढता-घालता येणारी जाळी बनवणार आहे. रंधा, करवत, गुण्या सगळं आहे. माप कसं घ्यायचं आणि कुठे चुकतं ते सांगा.

तुमच्या पत्राने आनंद झाला. कुठे चुकतं ते सांगायचा मला अधिकारही आहे, कारण मी स्वतः चुकलेय.

बहिणीच्या घरी केली होती. दिसणारी काच ११४० मिलिमीटर रुंद, दोन उभ्या पट्ट्या, प्रत्येकी २२ मिलिमीटर. मी ११४० ला तीनने भागलं, ३८० आले. ३८० वर आणि ७६० वर खूण केली आणि त्या खुणांवर पट्ट्यांचे मध्य आणले. सांधे सुरेख बसले, पॉलिश झकास झालं. खिडकीत बसवली, दहा पावलं मागे गेले आणि पोटात गोळा आला. मधलं तावदान आवळल्यासारखं दिसत होतं. मोजलं तर कडेची दोन ३६९, मधलं ३५८. अकरा मिलिमीटरचा फरक! कारण साधं आहे : मधल्या तावदानाला दोन्ही बाजूंनी अर्धी-अर्धी पट्टी खाते, कडेच्यांना एकाच बाजूने. मेहुण्यांना लक्षात आलं नव्हतं, मीच बोलून गेले. तेव्हापासून ते पाहुण्यांना ती खिडकी दाखवतात.

तेव्हा भागाकार काचेचा करू नका, उरलेल्या मोकळ्या जागेचा करा. ११४० मधून दोन्ही पट्ट्यांचे ४४ वजा केले की १०९६ राहतात. त्याला तीनने भागा, प्रत्येक तावदान ३६५.३. पहिल्या पट्टीची डावी कड ३६५.३ वर, उजवी ३८७.३ वर. दुसरीची डावी ७५२.७ वर. खुणा मध्यावर करूच नका, कडांवर करा. जाळीला स्वतःची बाहेरची चौकट असेल तर हे सगळं गणित त्या चौकटीच्या आतल्या मापावर.

आता मूळ माप. रुंदी वर, मध्ये, खाली अशी तीनदा घ्या, उंची डावीकडे, मध्ये, उजवीकडे. तिन्ही सारखी आली तर परत मोजा, बहुतेक तुम्ही आळस केलाय. सगळ्यात लहान माप धरा आणि त्यातून ३ मिलिमीटर कमी करा, म्हणजे दोन्ही बाजूंना दीड-दीड मिलिमीटर फट राहील. लाकूड दमट हवेत फुगतं, त्याला हलायला जागा हवी. मग कर्ण मोजा. दोन कर्णांत चार-पाच मिलिमीटरहून जास्त फरक निघाला तर खिडकी काटकोनात नाही. तेव्हा बाहेरची चौकट करू नका, नुसत्या पट्ट्यांची जाळी करा, कारण चौकट केली की खिडकीचा तिरकेपणा पाचराच्या आकाराच्या फटीतून जगाला दिसतो.

जाता जाता : मापाच्या टेपचं टोकाचं आकडं जरा मागेपुढे हलतं. ते बिघडलेलं नसतं. आकड्याच्या पत्र्याची जाडी जेवढी, तेवढंच ते हलतं, म्हणजे कडेला अडकवून मोजा की भिंतीला टेकवून, माप बरोबर येतं. माझ्याकडे शिकायला आलेल्या एका मुलाने ते आकडं ठोकून पक्कं केलं होतं आणि आठवडाभर सगळी आतली मापं चुकवली होती.

पट्ट्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे दोघींनाही अर्ध्या जाडीपर्यंत खाच पाडा, म्हणजे एक दुसरीत बसून वरचा पृष्ठभाग एका पातळीत येतो. खाचेची रेघ पेन्सिलीने मारू नका, धारदार सुरीने मारा. पेन्सिलीच्या रेघेलाही जाडी असते, आणि बारा खाचांत ती जाडी साठत जाते. खाच आधी किंचित घट्ट ठेवा, मग पटाशीने एकेक पापुद्रा काढत बसवा. हातोडी लागली तर अजून घट्ट आहे, बोटाने बसली तर बरोबर.

रंग किंवा पॉलिश जोडण्याआधी चारही अंगांना द्या. काचेकडचं अंग कुणाला दिसत नाही असं वाटतं, पण बाहेरून फक्त तेच दिसतं.

बसवण्यासाठी जाळीच्या टोकांना छोट्या पिना असतात आणि खिडकीच्या चौकटीत त्यांची भोकं. ही भोकं पाडताना जपा. काचेची कड चौकटीच्या खाचेत, काच धरून ठेवणाऱ्या पट्टीखाली लपलेली असते. भोक काचेच्या पुढे, आतल्या पट्टीतच पडायला हवं, सहा मिलिमीटरपेक्षा खोल नाही. ड्रिलच्या पात्याला सहा मिलिमीटरवर टेपचा वेढा घाला आणि वेढा टेकला की थांबा. मी एकदा हा वेढा न घालता घाई केली. पातं टफन्ड, म्हणजे तापवून झटकन थंड करून कणखर केलेल्या काचेच्या कडेला लागलं. आधी काहीच झालं नाही, मी ड्रिल बाजूला ठेवलं, आणि मग एकदम सगळी काच गारांसारखी खाली. टफन्ड काचेच्या पोटात ताण कोंडलेला असतो. पृष्ठभागावर ती पुष्कळ सोसते, पण कडेला टोचलं की सगळा ताण एकदम सुटतो. ती काच माझ्या खर्चाने आली, हे सांगायला नको.

प्रश्न : तयार प्लॅस्टिकच्या काळ्या पट्ट्या दुहेरी टेपने काचेवर चिकटवल्या होत्या. सहा महिन्यांत टोकं उचकटली. टेप भिकार होता का?

असेलही, पण माझा पहिला संशय उन्हावर आहे. प्लॅस्टिक, म्हणजे पीव्हीसी, तापलं की दर मीटरला दर अंशामागे सुमारे ०.०७ मिलिमीटर वाढतं. काच जेमतेम ०.००९. तुमची पट्टी काळी, ती ऊन भरपूर पिते. रात्र आणि दुपार यांत पट्टीच्या तापमानात ४० अंशांचा फरक पडला असं धरा. १२०० मिलिमीटरची पट्टी तेवढ्यात साडेतीन मिलिमीटरच्या आसपास लांबते, काच अर्धासुद्धा नाही. रोज सकाळी लांबायचं, रोज रात्री आखडायचं, आणि मध्ये बिचारा टेप. टोकं चौकटीला घट्ट भिडवली असतील तर पट्टीला लांबायला जागाच नाही, मग ती फुगून काचेपासून सुटते. ॲल्युमिनियम पीव्हीसीच्या एक तृतीयांश वाढतं, म्हणून उन्हाच्या खिडकीवर ते घ्या. प्लॅस्टिकच हवं तर फिकट रंगाचं, आणि दोन्ही टोकांना दोन-दोन मिलिमीटर मोकळे ठेवा.

टेप फोमचा, ॲक्रिलिक गोंदाचा घ्या. तो थोडा ताणला जातो, म्हणून हे वाढणं-आखडणं सोसतो. काच साबणाने नुसती धुऊन भागत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी अर्धंअर्धं करून पुसा, कोरडी होऊ द्या आणि मग तिथे बोट लावू नका. पट्टी चिकटवल्यावर टोकापासून टोकापर्यंत अंगठ्याने जोर देत जा. या टेपची पकड दाबाने येते, वेळाने वाढते : पहिल्या दिवसात बरीचशी, पूर्ण व्हायला साधारण तीन दिवस. तोवर काच धुऊ नका.

टेपचा रंग पट्टीच्या रंगाचाच हवा. काळ्या पट्टीखाली पांढरा टेप लावलात तर बाहेरून पांढऱ्या रेघा दिसतील.

सिलिकॉन वापरायचा मोह झाला तर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं टाळा. ते सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं, त्याने धातू गंजतो आणि दुहेरी किंवा लॅमिनेटेड (मध्ये प्लॅस्टिकचा थर घालून जोडलेल्या) काचेच्या कडेच्या थरांना इजा होऊ शकते. ‘न्यूट्रल’ लिहिलेलं घ्या. आणि चौकटीच्या तळाशी पाणी बाहेर जायच्या ज्या बारीक चिरा असतात त्या बुजवू नका. मी पाहिलेल्या निम्म्या ‘गळक्या’ खिडक्या अशाच बुजवलेल्या होत्या.

प्रश्न : खिडकी सरकती आहे. चालेल?

चालेल, पण आधी दोन्ही झडपांमधली जागा मोजा. एक झडप दुसरीच्या मागे जाते तेव्हा पट्टी मध्ये येते. काच झडपेच्या चौकटीपेक्षा जेवढी आत बसलेली असते, पट्टीची जाडी त्याहून कमीच हवी. पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक चिकटवून पट्टीएवढी जाडी करा, ते काचेवर टेपने लावा आणि झडप हळूच सरकवा. पुठ्ठा चुरगळला तर पट्टीही अडकली असती. शिवाय झडपा एकावर एक आल्या की दोन जाळ्यांच्या रेषा जुळायला हव्यात, नाहीतर उघड्या खिडकीत दुप्पट पट्ट्या दिसतात. डासांच्या जाळीची तिसरी झडप असेल तर तीही सरकवून बघा.

प्रश्न : आमच्या दुहेरी काचेच्या पोटात जाळी आहे. दार आपटलं की किंवा वारा असला की आत टिकटिक वाजतं. काच खराब झाली का?

बहुधा नाही. आतली पट्टी पातळ ॲल्युमिनियमची, पोकळ असते. काच दाबाने आत-बाहेर होते, पट्टी थरथरते आणि काचेला टेकते. चांगले कारागीर जिथे पट्ट्या छेदतात तिथे पारदर्शक रबराचे थेंब लावतात, तेवढ्याने आवाज थांबतो. तुमच्या काचेत ते नसावेत किंवा निसटले असावेत. आता सीलबंद काचेत बाहेरून हात घालता येत नाही, तेव्हा दार आपटू नका एवढंच सांगू शकते. आवाज फारच असेल आणि हमीची मुदत शिल्लक असेल तर तक्रार करा.

चिंता करायची ती वेगळ्या गोष्टीची. दोन्ही बाजूंनी पुसूनही काच आतून धुरकट दिसली, पट्टीवर बारीक थेंब दिसले, तर कडेचं सील गेलंय. दुहेरी काचेच्या कडेच्या पट्टीत ओलावा शोषणारे दाणे भरलेले असतात. ते भरून गेले की दव आतच बसतं. त्यावर बाहेरून उपाय नाही, काच बदलावी लागते.

प्रश्न : दीड वर्षाची मुलगी आहे, खिडकीशी चढते. शोभेची जाळी दाट लावली तर आडोसा होईल ना?

नाही. कृपा करून असं समजू नका. खटकन निघणारी जाळी तुमच्या मुलीच्या हातालाही खटकन निघेल, आणि काच उघडी असताना तर ती काचेबरोबरच बाजूला जाते. तिच्यासाठी वेगळी, भिंतीत किंवा चौकटीत पक्की बोल्ट केलेली ग्रिल हवी, उभ्या गजांची, दोन गजांत १०० मिलिमीटरपेक्षा कमी जागा असलेली. आडव्या गजांची नको, ती शिडी होते. आणि घरातली निदान एक खिडकी तरी मोठ्या माणसाला आतून, किल्ली न शोधता उघडता येईल अशी ठेवा, आग लागली तर बाहेर पडायला. खिडकीखालचं टेबल, खुर्ची, खेळण्यांची पेटी आजच हलवा. जाळीचं पुढच्या वर्षी बघू.

प्रश्न : पांढरी जाळी घेऊ की काळी? घरात यावरून दोन तट पडलेत.

दोन्ही तटांना एक गंमत सांगते. दिवसा खोलीतून बाहेर पाहताना पट्टीच्या मागे लख्ख आकाश असतं, त्यामुळे तिचं आपल्याकडचं अंग सावलीत जातं. पांढरी पट्टीही तेव्हा करडी, कधी चक्क काळपट दिसते. रंगाचा खरा फरक रात्री कळतो, घरात दिवे आणि बाहेर अंधार असताना. तेव्हा पांढरी उठून पुढे येते आणि काळी काचेत विरून जाते. बाहेरून बघाल तर याच्या बरोबर उलट वेळा.

तेव्हा दुकानातून दोन्ही रंगांचे वीतभर तुकडे मागून आणा, काचेवर शेजारी शेजारी चिकटवा. भर दुपारी एकदा आणि रात्री जेवणं आटोपल्यावर एकदा दोन्ही तटांना खिडकीसमोर उभं करा. खोलीचा वापर रात्रीचा जास्त असेल तर रात्रीचं मत धरा. आणि चौकटीचा रंग आधी बघा. माझ्या घरी पांढऱ्या चौकटीत काळी जाळी आहे, मीच हट्टाने बसवलेली, आणि चार वर्षं झाली तरी ती मला उसनी आणल्यासारखी वाटते.